देवाखालचे दगड

मावशी गेल्याचं मला माणसानं सांगितलं नाही, मोबाईलनं सांगितलं. सकाळी शाळेला निघायच्या गडबडीत होते, डबा पिशवीत टाकत होते आणि विहार मंडळाच्या ग्रुपवर एक चित्र येऊन पडलं. काळी किनार, कोपऱ्यात दोन मेणबत्त्या, वर 'भावपूर्ण आदरांजली' आणि मधोमध माझी चंद्रामावशी. राजूचा, म्हणजे तिच्या मुलाचा, फोन त्यानंतर आला. तो रडत होता आणि मला रडू येत नव्हतं, कारण माझी नजर त्या चित्रावरून हलत नव्हती. तो फोटो मीच काढलेला होता. उजनी धरणाचं पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या चिखलात पांढरी साडी खोचून ती उभी होती, ऊन डोळ्यांवर आलं म्हणून कपाळाला आठी घालून माझ्याकडं बघत होती. कुणीतरी तिला त्या चिखलातून कापून काढलं होतं आणि बारामतीतल्या जळोचीच्या विहारापुढच्या स्मृतिस्तंभासमोर नेऊन उभं केलं होतं. ज्या स्तंभाच्या चौथऱ्याकडं तिनं शेवटची काही वर्षं पाठ फिरवली होती, त्याच चौथऱ्यापुढं. मेलेलं माणूस 'मला इथं उभं करू नका' असं म्हणू शकत नाही, या गोष्टीची इतक्या तातडीनं सोय करून घेतलेली मी तरी दुसरीकडं पाहिली नाही.

वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहायला सांगताना एका स्नेह्यांनी मला बजावलं, "ताई, शांतपणे लिहा. गेलेल्या माणसाविषयी चांगलंच लिहायचं असतं." मावशीविषयी मी चांगलंच लिहिणार आहे. बाकीच्यांविषयी तशी काही अट मी मान्य केलेली नाही.

मावशी मूळची अंथुर्ण्याची. माझी आई थोरली, ही धाकटी. लग्न होऊन ती गेली भीमेच्या काठी, पळसदेवाजवळच्या आमच्या लोकांच्या लहानशा वस्तीत. तेव्हा उजनी धरण झालेलं नव्हतं आणि नदी नदीसारखी वाहत होती. वस्तीच्या मधोमध एक विहार होता. विहार म्हणजे काय, तर मातीच्या भिंती, वर पत्रा, आत बुद्धाची आणि बाबासाहेबांची अशा दोन तसबिरी आणि खाली काळ्या दगडाचं जोतं. त्या जोत्याची गोष्ट मावशीला तिच्या सासूनं, जनाबाईनं सांगितली आणि मावशीनं ती आम्हाला इतक्या वेळा सांगितली की आता मला ती मीच पाहिल्यासारखी वाटते.

बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर वस्तीतल्या माणसांनी घरातले देव उतरवायचं ठरवलं. कुणाचा अपमान करायला नव्हे, आपला रस्ता आता वेगळा आहे म्हणून. घराघरातून टोपल्या निघाल्या, देव नदीला दिले. पुरुषमाणसं छाती काढून चालली होती आणि बायका पदरानं डोळे पुसत होत्या. हे दोन्ही एकाच वेळी चाललं होतं आणि दोन्ही खरं होतं. घरी आल्यावर प्रश्न पडला तो दगडाचा. प्रत्येक घरात देव ज्या दगडावर बसवलेला होता तो दगड तसाच कोपऱ्यात राहिला होता, रिकामा. पुरुष म्हणाले, हाही टाका नदीत. तेव्हा जनाबाई दारात आडवी झाली. "दगडानं काय केलंय? द्येव गेला, दगड घरचा हाय." मग त्या दगडांचं काय करायचं यावर बरीच वादावादी झाली आणि शेवटी विहार बांधायला निघाला तेव्हा ते सगळे जोत्यात, अगदी वरच्या थरात, तोंडं उघडी ठेवून बसवले. पहिल्या वंदनेच्या दिवशी जनाबाई गेली, आपला दगड शोधला आणि त्यावर मांडी घालून बसली. कुणीतरी दचकून म्हणालं, अगं तिथं कुठं बसतीस? ती म्हणाली, "आजवर ह्येच्यावर द्येव बसला. आता मी बसती."

तिथून त्या वस्तीची रीतच पडली. ज्या घरचा दगड, त्या घरचं माणूस त्यावर बसणार. माणसं जास्त झाली तर बाकीच्यांनी आत चटईवर बसायचं, पण घरातलं वडीलधारं माणूस आपल्या दगडावर. ही रीत कुठल्या पुस्तकात नाही आणि दुसऱ्या कुठल्या विहारात मी ती पाहिलेली नाही. ज्यांना गावाच्या चावडीपुढं टेकायलासुद्धा जागा नव्हती, त्यांना बसायला हक्काची जागा मिळाली होती आणि ती दुसऱ्या कुणी दिलेली नव्हती. जनाबाईच्या दगडाला मध्ये चांगला हाताच्या पंजाएवढा खळगा होता, पिढ्यान्‌पिढ्या पाणी आणि तेल पडून झालेला. तिच्या पाठीमागं त्यावर मावशी बसायला लागली.

मग धरण झालं. माणसांनी दारं काढली, तुळया काढल्या, पत्रे काढले आणि वर माळावर जिथं जागा दिली तिथं नेले. दगड कोण उचलणार? ते राहिले. पाणी आलं, वस्ती गेली, गावाचं देऊळही गेलं. काही उन्हाळे असेच गेले. मग एका वर्षी पाणी खूप खाली उतरलं, जुनं देऊळ उघडं पडलं आणि पुण्या-मुंबईची माणसं कॅमेरे घेऊन ते बघायला येऊ लागली. मावशीही गेली, पण देवळाकडं नाही, उलट्या बाजूला. गुडघाभर गाळातून अंदाजानं चालत राहिली. पायाला दगड लागला तशी खाली बसली आणि हातानंच गाळ उपसू लागली. तो दिवस तिच्याच शब्दांत सांगते. "खळग्यात हात गेला आन् मी बसलेच. आता तुला सांगती, बसले खरी... पर उठायचं कसं त्येच कळंना." तिथंच तिनं एकटीनं त्रिशरण-पंचशील म्हटलं. पौर्णिमा दोन-चार दिवसांवर होती. पौर्णिमेला ती चार बायकांना घेऊन गेली. पुढच्या वर्षी वस्तीतली निम्मी माणसं गेली आणि त्याच्या पुढच्या वर्षी गेलं नाही असं घर राहिलं नाही.

विहाराचा वर्धापनदिन आमच्याकडं असा सुरू झाला. वैशाखातली पौर्णिमा आणि पाणी उतरायचा हंगाम एकच, हे आमचं नशीब. आदल्या दिवशी मावशी जाऊन जोतं उघडं करायची. खराट्यानं गाळ लोटायची, धरणाच्याच पाण्यानं दगड धुवायची. सकाळी आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत, चपला हातात घेऊन, खिरीचे डबे डोक्यावर घेऊन त्या चिखलातून जायचो. दोन्ही तसबिरी मांडायच्या, मेणबत्ती वाऱ्यानं विझायची, पुन्हा लावायची, पुन्हा विझायची. आपापल्या दगडावर आपापलं घर बसलेलं. लहानपणी मी पाहुणी, मला दगड नाही, मग मावशी मला मांडीवर घ्यायची. ज्या वर्षी पाणी उतरायचं नाही त्या वर्षी काठावर, पाण्याकडं तोंड करून वंदना व्हायची आणि त्यातही बसायचा क्रम तोच. ह्याच्या शेजारी तो, त्याच्या शेजारी ती. दगड नसले तरी कुणाची जागा चुकायची नाही.

मावशी काही साधुसंत नव्हती, हे लिहायला हवं, नाहीतर ती वरून मला शिव्या देईल. (वर कुणी नसतं, असंही तीच ठणकावून सांगायची.) जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं, नंतर अंगणवाडीत मदतनीस होती. तोंड असं की वंदनेला उशिरा येणारा पाव्हणा परत फिरलेला बरा. लग्न लावायला येणाऱ्या बौद्धाचार्यांना उशीर झाला की ती स्वतः उभी राहून गाथा म्हणायला लागायची आणि ते येईपर्यंत अर्धं लग्न लागलेलं असायचं. मिरवणुकीतल्या भोंग्यांपुढं जाऊन तिनं वायर ओढलेली आम्ही पाहिली आहे. पण देऊळ बघायला आलेले शहरातले लोक वाट चुकून आमच्याकडं आले आणि "आजी, मंदिर कुठल्या बाजूला?" असं विचारलं, की ती वंदना थांबवून वाट दाखवायची. "त्या बाजूला. चपला काढा, घसरंल. आन् येताना हिकडनं या, खीर हाय." ते लोक विचारायचे, इथं काय आहे? ती म्हणायची, "आमचं जोतं हाय. बसा."

आता मंडळाविषयी. वस्तीतली शिकलेली मुलं नोकऱ्यांच्या निमित्तानं बारामतीत आली, बरीचशी जळोचीत घरं बांधून राहिली. त्यांनी तिथं चांगला विहार उभा केला, मुलांसाठी अभ्यासिका केली, लग्नांसाठी हॉल केला. हे सगळं त्यांनी पदरमोड करून केलं आणि त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. अध्यक्ष भास्करराव. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, बोलायला गोड, कामाला वाघ आणि जन्म त्याच बुडालेल्या वस्तीतला. लहानपणी त्यांच्या आजीच्या मांडीवर बसून त्याच जोत्यावर त्यांनी पंचशील पाठ केलेलं. म्हणून तर माझा राग जातच नाही. परक्यानं केलं असतं तर सोडूनही दिलं असतं.

मूळ विहाराच्या स्थापनेचा मोठा वर्धापनदिन जवळ आला. तो थाटात करायचा ठरलं. थाट म्हणजे जळोचीत, मांडव घालून, पाहुणे बोलावून. चिखलात पाहुणे कसे न्यायचे? पण मूळ विहाराचं काहीतरी स्मारक तर हवं. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की माणसांना जोत्याकडं नेण्यापेक्षा जोतंच माणसांकडं आणू. त्या दगडांचा चौथरा बांधू आणि वर स्तंभ उभारू. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. वस्तीतल्या पुरुषांना विचारलं, तेही हो म्हणाले. आपलेच दगड आपल्याच विहारात चाललेत, त्यात काय वाईट? उलट त्यांनीच पुढं होऊन दगड ट्रॉलीत चढवले. जेसीबी आणला होता. कोण दगड कुणाचा, कुठल्या अंगाला होता, हे बघायची कुणाला गरज वाटली नाही.

मावशी तेव्हा वस्तीत नव्हती. माझी आई बारामतीत दवाखान्यात होती म्हणून ती माझ्याकडं, जळोचीत येऊन राहिली होती. आणि हे मी कधी विसरणार नाही... दुपारी आम्ही दोघी ओट्यावर लसूण सोलत बसलो होतो आणि समोरच्या रस्त्यानं ट्रॅक्टर गेला. मागं ट्रॉलीत काळे दगड, त्यांना गाळ चिकटलेला. मावशीनं मान वर करून बघितलं. "चांगला दगड हाय," ती म्हणाली. "कुनाचं तरी घर व्हतंय बघ." आणि कौतुकानं ट्रॅक्टर वळेपर्यंत बघत राहिली.

आई बरी होऊन घरी आली आणि मावशी वस्तीवर गेली. पौर्णिमा तोंडावर होती. खराटा घेऊन ती खाली चिखलात गेली आणि जोत्याच्या जागी तिला खड्डा दिसला. तिला आधी वाटलं, वाळूवाल्यांनी नेले. ती तशीच ओरडत वर आली, तेव्हा हौसाबाईनं, तिच्या शेजारणीनं, तिला खरं काय ते सांगितलं. संध्याकाळच्या आत मावशी एसटीनं बारामतीत हजर होती. माझ्या दारात आली तेव्हा पायांचा चिखल वाळून पांढरा पडला होता. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "चल."

विहारापुढं गवंडी काम करत होता. चौथरा जवळजवळ बांधून झाला होता आणि दिसायला, खोटं कशाला बोलू, देखणा दिसत होता. सगळे दगड एका मापाचे, चारी बाजूंनी छिन्नीनं घडवलेले, वरून सपाट. मावशी एकेका दगडावरून हात फिरवत चौथऱ्याभोवती फिरली. एकदा फिरली, परत फिरली. मग गवंड्याला विचारलं, "बाबा, ह्येच्यात एक खळग्याचा हुता." तो बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "व्हता की. तासून सपाट क्येला. पानी साचंल म्हनले सायेब." मावशीनं मान हलवली. ती रागावल्यावर ओरडायची, हे मला माहीत होतं. पण तिनं नुसता हात पदराला पुसला आणि मला भीती वाटली.

भास्करराव आले. हात जोडून म्हणाले, "जयभीम आक्का! बघा, तुम्हाला आनंद झाला पाहिजे. चिखलात पडलेला इतिहास आपण चौथऱ्यावर आणला."

"पडल्याला न्हवता भास्कर," मावशी म्हणाली. "बसल्याला हुता."

"तसं नव्हे आक्का. तिथं पाण्यात, गाळात काय राहिलं असतं? इथं पुढच्या पिढ्या बघतील. आणि सगळे दगड एकसारखे घडवून घेतले. कुणाचा लहान नाही, कुणाचा मोठा नाही. हीच तर समता."

"मग मानसं बी तासून घ्या की. माझ्यापास्नंच धरा. मी बी मधी जरा खोलगट हाय."

भोवती जमलेले दोघे-तिघे हसले. मावशी हसली नव्हती. "मला का न्हाय इचारलं?" तिनं विचारलं. भास्करराव म्हणाले, "तुम्ही बारामतीत होता ना, ताईंच्या आईंचं आजारपण..." "व्हय," मावशी म्हणाली, "तुज्या इहारापास्नं दोन गल्ल्या सोडून हुते मी." गवंड्याकडं वळून भास्कररावांनी सिमेंटची चौकशी केली.

मी त्या माणसांना खलनायक करत नाही, करता आलं असतं तर सोपं झालं असतं. तोडायचं कुणाच्या मनात नव्हतं. मनात होता तो आदर. आदरानं त्यांनी ते जोतं उखडलं, आदरानं धुतलं आणि आदरानंच त्याला छिन्नी लावली. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर आम्ही मोर्चा काढला असता, रस्ता अडवला असता, तहसीलदाराला घेराव घातला असता. आपल्याच माणसांनी केलं म्हणून आम्ही मांडवात बसून जिलेबी खाल्ली. त्या वर्धापनदिनाला व्यासपीठावरून तीनदा मावशीचं नाव पुकारलं, ज्येष्ठ उपासिका म्हणून सत्कारासाठी. ती त्या वेळी उजनीच्या चिखलात होती. हौसाबाई आणि आणखी तीन-चार म्हाताऱ्या बरोबर होत्या. खड्ड्याच्या कडेनं बसून त्यांनी वंदना केली. मी मांडवातून मधेच उठून तिकडं गेले, तोवर त्यांची खीर वाटून झाली होती.

त्यानंतर दरवर्षी ती एकच मागणी करत राहिली. माझा दगड द्या. एकच. मी तो जागच्या जागी नेऊन ठेवते. मंडळाच्या प्रत्येक वार्षिक सभेला ती एसटीनं यायची, मागच्या रांगेत बसायची आणि शेवटी उठून हे म्हणायची. भास्करराव अत्यंत नम्रपणे सांगायचे की विषय पुढच्या बैठकीत घेतो. पुढच्या बैठकीत विषय घेतला आहे, असं कळायचं. पुढं कळायचं की एक दगड काढला तर चौथरा खचेल, इंजिनिअरचं मत घ्यावं लागेल. नव्या मुलांना ती हट्टी म्हातारी वाटायला लागली. एकानं माझ्यादेखत तिला समजावलं, "आजी, बुद्धानं सांगितलंय ना, कशाचीही आसक्ती ठेवू नये." मावशी त्याला म्हणाली, "बराबर हाय बाळा. मग तुमी सोडा की त्यो चवथरा." पण रागाच्या भरात तिनंही एकदा सुनावलं होतं की तासलेला दगड मला नकोच, माझा होता तसा द्या. तेवढं वाक्य धरून ठेवून मंडळ म्हणू लागलं की आक्कांनीच नको म्हटलंय.

आमची शेवटची भेट थंडी सरता सरता झाली. ती अंथरुणाला खिळली होती. राजूच्या बायकोनं, सुनीतानं, उशा लावून तिला बसवलं होतं. मला बघून तिनं आधी पाण्याची चौकशी केली. "कुठवर उतरलंय गं?" मी म्हटलं, अजून भरपूर आहे. "उतरंल. यंदा लवकर उतरंल." मग बराच वेळ डोळे मिटून पडली. मला वाटलं झोप लागली. मी उठायला लागले तसा तिनं माझा हात धरला. "भास्करला एक सांगशील? मी रागात म्हनले हुते, तासल्याला नगं म्हनून. पर चालंल मला. आपुन त्यो पालथा लावू. खालची बाजू तर कुनी तासली न्हाय न्हवं?"

तिला ते कधीपासून सुचलं होतं कोण जाणे. पडल्या पडल्या ती मनातल्या मनात तो दगड उलटा करून बघत असणार... मी त्याच आठवड्यात भास्कररावांच्या घरी गेले. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला. मला क्षणभर असं वाटलं की हा माणूस आत्ता उठेल आणि पहार घेऊन निघेल. ते म्हणाले, "बघू या ताई. पौर्णिमा होऊन जाऊ दे." पौर्णिमेच्या आधीच मावशी गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला मंडळाची सगळी माणसं आली होती. आक्का म्हणजे चळवळीचा पाया, आक्का म्हणजे चालताबोलता इतिहास, आक्का म्हणजे ही आणि आक्का म्हणजे ती. भास्कररावांचा आवाज भरून आला. त्यांनी जाहीर केलं की यापुढं दर वर्धापनदिनाला आक्कांच्या नावानं एक पुरस्कार देण्यात येईल आणि स्तंभासमोर त्यांचा फोटो लावण्यात येईल. मी उठले आणि पालथ्या दगडाची गोष्ट सांगितली, जशीच्या तशी. शेजारच्या बाईंनी माझा पदर ओढला, "ताई, बसा. ही वेळ नाही." मला तिथंच विचारावंसं वाटलं, मग वेळ कुठली? ती जिवंत होती तेव्हा वेळ आलेली नव्हती आणि आता वेळ ही नव्हे. मी विचारलंही. उत्तर म्हणून कुणीतरी सभा संपवताना म्हणायचं सरणत्तय सुरू केलं आणि सगळे उभे राहिले.

पौर्णिमा आली. जळोचीत संध्याकाळचा कार्यक्रम होता. आम्ही सकाळीच वस्तीवरून खाली उतरलो. राजू, सुनीता, मी, हौसाबाई. मला वाटलं होतं आम्ही चौघंच असू. मागं वळून पाहिलं तर बायका येतच होत्या. कुणी सुनांना घेऊन, कुणी कडेवर नातवंडं घेऊन. खड्ड्यात अजून ढोपरभर पाणी होतं आणि त्यात बारकी मासळी फिरत होती. खताच्या रिकाम्या पिशव्या चिखलावर अंथरून बायका कडेनं बसल्या. बसताना थोडी कुजबुज झाली, कारण कुणी कुठं बसायचं हे कुणालाच नक्की आठवत नव्हतं. दगड होते तोवर आठवत होतं. दगड गेल्यावर मावशी सांगायची.

पंचशील चालू असताना भास्करराव आले. एकटेच. पांढरे कपडे पोटऱ्यांपर्यंत चिखलानं भरलेले, चपला हातात. कुणी वंदना थांबवली नाही. ते खड्ड्याच्या कडेला उभे राहिले, हात जोडून आमच्याबरोबर म्हणत राहिले. सगळं संपल्यावर त्यांनी खड्ड्यात बघितलं, मग आमच्याकडं बघितलं, आणि एखाद्या पोरानं विचारावं तसं हौसाबाईला विचारलं, "काकी, आमचा कुठं हुता?"

इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडी 'हुता' ऐकला नव्हता. हौसाबाई उठली. कमरेवर हात ठेवून तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "तुजी आज्जी दारापाशी बसायची. आता दार हिकडं म्हनावं तर..." ती दोन पावलं पुढं गेली, परत मागं आली. "का तिकडं हुतं?" आणखी एक-दोघी उठल्या. एक म्हणाली या अंगाला, दुसरी म्हणाली छे, त्या अंगाला. खड्ड्याला दार नव्हतं आणि कोपराही नव्हता. शेवटी हौसाबाई थकून खाली बसली. "न्हाय रं सांगता येत, भास्करा," ती म्हणाली. "आक्काला इचारायचं हुतं."

ते उभेच राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, असं नंतर सुनीता म्हणाली. असेल. मी बघितलं नाही. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं आणि मग हळूहळू एकेक जण आपली पिशवी ओढून घेत शेजारणीला चिकटायला लागली, भास्कररावांपुरती जागा होईल म्हणून. सरकत सरकत ती रांग माझ्यापर्यंत आली. सुनीतानं मला कोपरानं ढोसलं. मावशी असती तर सगळ्यांच्या आधी तीच सरकली असती आणि हात धरून त्यांना खाली बसवलं असतं, हे मला माहीत आहे.

मी सरकले नाही.